जैतूनभाभींची वीत

माझ्या दुकानात औषधांचं एक कुलपाचं कपाट आहे. त्याच्या सगळ्यात खालच्या खणात, जुन्या कॅटलॉगांच्या मागे, चार ओळींची एक चिठ्ठी आहे. ती माझी नाही. जिची आहे तिच्या पिशवीतून मी ती काढून घेतली, आणि तिला ते ठाऊक नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

चिठ्ठीचं पुढं येईलच. आधी माणूस सांगतो, कारण चिठ्ठी म्हटलं की माझंच गाऱ्हाणं सुरू होतं आणि जैतूनभाभी बाजूला राहतात. तसं एकदा झालेलं आहे, तेवढं पुरे.

मंगळवार पेठेत माझं मेडिकल. मी राहायला गडमुडशिंगीला. रोज स्कूटरवरून यायचं, नऊला शटर वर करायचं. शटर वर जाण्याआधीच समोरच्या बोळाच्या तोंडाशी जैतूनभाभींचं मशीन चालू झालेलं असे. एकच खोली, रस्त्याकडं उघडणारी. नवरा तरुणपणीच गेला. मुलगी शबाना, ती उचगावात दिलेली. भाभी फक्त ब्लाऊज शिवायच्या. पंजाबी ड्रेस घेऊन कुणी आलं तर म्हणायच्या, "ती पोती शिवायला दुसरीकडं जावा. मी ब्लाऊज शिवतो."

कोल्हापूरच्या बाईनं "मी शिवतो" म्हणावं यात इथं कुणाला काही वाटत नाही. पण भाभींच्या तोंडी ते जरा जास्तच शोभायचं. मला त्या नावानं कधी हाक मारत नसत. रस्त्याच्या पलीकडून खणखणीत आवाज यायचा, "ओ मेडिकल, चा घेणार का?" की मी हात वर करायचो.

त्यांच्या गळ्यात कायम टेप असे आणि तो टेप त्यांनी कधी वापरलेला मी पाहिला नाही. माप घ्यायच्या त्या वितीनं. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत, ताणलेला पंजा. पाठीवर एकदा फिरवला, दंडाला एकदा वेढला, गळ्याला चार बोटं लावली, झालं. वहीत काही लिहायचं नाही. एकदा घेतलेल्या विती त्यांना कायम पाठ, पुढच्या खेपेला तेवढ्याच कापडावर टाकायच्या. टेप कशाला मग, असं मी विचारलं होतं. म्हणाल्या, "त्यो गिऱ्हाइकाच्या समाधानाला. माप हाताला ठावं हाय." पेठेतल्या बायका सांगत की भाभींच्या हाताला नवऱ्याच्या आधी बातमी कळते. एकीच्या कमरेला वीत लावून भाभी नुसत्या हसल्या आणि म्हणाल्या, ह्यो आता दिवाळीनंतरच शिवू. ती लाजून घरी गेली, आणि दिवाळीनंतर शिवायला आली ती बाळ घेऊन.

त्यांची दोन वाक्यं सगळ्या पेठेला पाठ होती. कुणी म्हणालं की ब्लाऊज घट्ट झाला, शिवताना चुकलं असेल, तर त्या म्हणायच्या, "कापड खोटं बोलत न्हाय, माणूस बोलतंय." आणि शिकायला येणाऱ्या पोरींना कात्री हातात देताना, "शिलाई उसवाय येती. कात्री न्हाय. म्हणून कात्रीच्या आदी पाणी प्या, मग चालवा."

एका सकाळी त्या रस्ता ओलांडून दुकानात आल्या. हे नवल होतं, कारण त्या तिकडून हाक मारायच्या, येत नसत. काउंटरवर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाल्या, सकाळी मूठच वळत नाही. "बोटं रातभर कुणीतरी खळीत बुडवून वाळत घातल्यागत हुत्यात. धा वाजल्याबिगर कात्री धरवंना." दोन्ही हातांची, बोटांच्या मुळांशी असलेली पेरं सुजली होती. दाबली तर त्यांनी ओठ मिटले.

मला डॉक्टर व्हायचं होतं. मार्क कमी पडले, फार्मसी केली. हे सांगतो ते सबब म्हणून नाही. पुढचं समजायला लागेल म्हणून. मी पुडी बांधली. पिवळी गोळी दुखण्याची, पांढरी सुजेची. पांढरी ती स्टेरॉईड होती. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नसते, हे मला परीक्षेपासून ठाऊक होतं. आणि काउंटरवर ती दिली जाते, हेही पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी मशीन पुन्हा नऊच्या आधी सुरू झालं. भाभींनी सगळ्या पेठेला सांगितलं की मेडिकलच्या हाताला गुण आहे. बायका गुडघे घेऊन आल्या, पाठी घेऊन आल्या. एकदोघी मला 'डॉक्टर' म्हणू लागल्या. मी नको म्हणायचो, पण हळू म्हणायचो.

पुडी संपली की दुखणं परत यायचं, आधीपेक्षा थोडं जास्त. मग पुन्हा पुडी. भाभींचे गाल भरले. बायका म्हणाल्या, तब्येत सुधारली की. भाभी म्हणाल्या, "घरात ना सासू ना सून, गाल भरायला काय झालं?" सगळे हसले. मीही हसलो. ते गाल कशानं भरलेत हे त्या घोळक्यात एकट्या मला माहीत होतं.

याच सुमारास माझ्या बायकोचा, लताचा, ब्लाऊज घट्ट आला. भाभींच्या हातचा, नव्या साडीवरचा.  लतानं रात्रीचा भात सोडला. दोन महिन्यांनी दुसरा शिवला, तोही घट्ट. मग तिनं चहातली साखर सोडली. पेठेतही तीच बोंब. एक बाई भाभींना म्हणाली, आम्ही सगळ्याच एकदम कशा जाड झालो? भाभी म्हणाल्या, कापड खोटं बोलत नाही, वडे कमी खा.

मी घरी वजनकाटा आणला. लताचं वजन दोन किलो कमी भरलं. ती खूश झाली, आणि मी तिच्या दोन्ही ब्लाऊजांकडं बघत बसलो. लता जाड झाली नव्हती. भाभींची वीत आखडली होती. पंजा पूर्वीइतका ताणला जात नव्हता, आणि अख्ख्या पेठेच्या पाठ असलेल्या जुन्या विती त्या आता त्याच आखडलेल्या पंजानं कापडावर टाकत होत्या. स्वतःच्या हातावर त्यांचा इतका विश्वास होता की टेप गळ्यात असून त्यांना तो लावून बघावासा वाटला नाही. आणि मी? मला कळलं होतं. मी पुडीतली पांढरी गोळी अर्ध्याची एक केली.

त्यानंतर पंधरा दिवसांत आमच्या तालमीत तपासणीचं शिबिर झालं. एक तरुण डॉक्टरीण होती, नुकतीच शिकून आलेली असावी. भाभी रांगेत उभ्या राहिल्या आणि परत येताना चिठ्ठी घेऊन सरळ माझ्याकडं आल्या. आमच्या भागात हा रिवाजच आहे. डॉक्टर काय लिहितो ते डॉक्टरला विचारायचं नाही, मेडिकलवाल्याकडून वाचून घ्यायचं. डॉक्टरचं अक्षर मेडिकललाच कळतं, आणि मेडिकल आपला माणूस असतो.

चार ओळी होत्या, इंग्रजीत. पहिलीत, संधिवाताचा गंभीर प्रकार असण्याची दाट शंका, रुमेटॉइड. दुसरीत, सांध्यांच्या तज्ज्ञांकडं तातडीनं पाठवावं, उशीर झाल्यास सांधे कायमचे वाकतील. तिसरीत दोन रक्ततपासण्या. आणि चौथीत असं, की पेशंट जवळच्या मेडिकलमधून स्टेरॉईड घेत आहे, ते देखरेखीखाली कमी करावं, तिथून घेणं थांबवावं.

काउंटरपाशी आणखी दोन बायका उभ्या होत्या. मला 'डॉक्टर' म्हणणाऱ्यांतल्याच. भाभी म्हणाल्या, "वाचा की मोठ्यानं. काय गुपित हाय व्हय?"

मी म्हणालो, "काही नाही भाभी. कॅल्शियम कमी आहे म्हणतात. विश्रांती घ्या. वयाचं आहे."

"एवढंच लिवाय चार वळी लागल्या?"

"डॉक्टर लोक लांबवतात."

त्या हसल्या, चिठ्ठी घडी करून पिशवीत ठेवली, साडीच्या दुकानाची एक पिवळी पिशवी होती तीत, आणि म्हणाल्या, कवळी पोरगी, तिला काय कळतंय. पुढं कितीतरी दिवस त्या डॉक्टरणीची टिंगल करत राहिल्या. "कॅल्शियमवाली" हे नाव पेठेत पडलं. जिनं पाच मिनिटांत बरोबर ओळखलं तिचं.

दुसऱ्या दिवशी मी सांगू शकलो असतो, चिठ्ठी नीट वाचली नव्हती म्हणून. तिसऱ्या दिवशीही. महिन्याभरानं सांगायचं तर महिना का थांबलास याचं उत्तर द्यावं लागणार होतं. सहा महिन्यांनी सहा महिन्यांचं. रोज शटर वर करायचो तेव्हा समोर मशीन चालू असायचं, आणि मला वाटायचं, चाललंय तोवर चालू दे. मग ते नऊला सुरू होऊ लागलं. मग अकराला. मी त्या आवाजाची वाट बघत काउंटरमागे उभा राहायचो. आठ फुटांचं दुकान, समोर एक दार, आणि त्या दारात ती खोली. दुसरीकडं बघायला जागाच नव्हती.

चौदा महिन्यांनी एक दिवस भाभी आल्या त्या सुई आणि दोरा घेऊन. म्हणाल्या, "ओ मेडिकल, एवढं ववून द्या." त्यांनी सुई पुढं केली तेव्हा बोटं सरळ माझ्याकडं आली नाहीत. चारही बोटं करंगळीच्या बाजूला कलली होती, वारा लागलेल्या शाळूसारखी. मी दोरा ओवला. तिसऱ्या खेपेला ओवता आला. मग मी म्हणालो, भाभी, उद्या माझ्याबरोबर चला, एक सांध्यांच्या डॉक्टरीणबाई आहेत. त्या म्हणाल्या, हाडांचा डॉक्टर? मी म्हणालो, हाडांचा वेगळा. ह्या सांध्यांच्या.

आणि म्हणालो, कागद सगळे माझ्याकडं द्या, लावून ठेवतो. त्यांनी पिवळी पिशवी दिली. चिठ्ठी त्याच संध्याकाळी मी काढून घेतली.

डॉक्टरीणबाईंची पद्धत मी तेव्हा प्रथम पाहिली. बोलायच्या आधी त्यांनी भाभींचं एकेक पेर स्वतःच्या अंगठ्यानं दाबलं, नखाची कड पांढरी होईपर्यंत, आणि प्रत्येक पेरागणिक भाभींच्या तोंडाकडं पाहिलं, हाताकडं नाही. सकाळी आखडणं किती वेळ राहतं, ते विचारलं. काय काय घेतलंत, विचारलं. भाभींनी मोकळेपणी सांगितलं, पिवळी आणि पांढरी. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं एकदा बघितलं. त्यांना समजायचं ते समजलं असावं. मग विचारलं, "याआधी कुणी सांगितलं नव्हतं का, सांध्यांच्या डॉक्टरांकडे जा म्हणून?"

भाभी म्हणाल्या, "न्हाय ओ. तालमीत एका पोरीनं तपासलंतं, तिनं कॅल्शियम लिवलं. ह्येनीच पयल्यांदा वळखलं, आणि हितं आणलं."

"कॅल्शियम? ती चिठ्ठी आहे का?"

भाभींनी पिशवी मांडीवर घेतली आणि शोधायला लागल्या. त्या बोटांनी एकेक कागद सुटा करून काढत होत्या. विजेचं बिल, शबानाच्या लग्नाची पत्रिका, रेशनकार्डाची झेरॉक्स. कागद खाली पडला की मी उचलून देत होतो. डॉक्टरीणबाई थांबल्या होत्या. भाभी पुटपुटत होत्या, हुती की, ह्यातच हुती. माझ्या शर्टाच्या खिशात ती चिठ्ठी होती आणि मी म्हणालो, "हरवली असेल."

 

रक्ताचे रिपोर्ट आले, एक्स-रे आला. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. आजार आटोक्यात येईल, सूज थांबेल, बाकीचे सांधे वाचतील. पण जी बोटं वाकली आहेत ती गोळ्यांनी सरळ होणार नाहीत. सुरुवातीच्या महिन्यांत आला असतात तर फार फरक पडला असता.

भाभींनी दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाल्या, "म्हणजे उसवाय येत न्हाय. कात्री लागली."

डॉक्टरीणबाईंना ते कळलं नसावं. मला कळलं.

पांढरी गोळी त्यांनी हळूहळू उतरवली, एकदम बंद करायची नसते. नवी मोठी गोळी आठवड्यातून एकदाच. रोज घेतली तर विष, असं दोनदा बजावलं. भाभींनी शुक्रवार ठरवला. "अल्लाचा वार, गोळीचा वार. चुकायचं कामच न्हाय." कधी चुकला नाही. दर दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासायला त्या स्वतः रिक्षा करून जात. सूज गेली, गाल उतरले, सकाळचा ताठपणा कमी झाला. त्या चालत्या-बोलत्या, हसत्या झाल्या. ब्लाऊज मात्र संपला. मशीनवर त्यांनी एक जुनी चादर टाकली.

ईदला शीरखुर्म्याचा डबा त्या आधी मला पाठवायच्या, मग शेजाऱ्यांना. पेठेत, तालमीच्या कट्ट्यावर, शबानाच्या सासरी, सगळीकडं एकच गोष्ट. मेडिकलनं वळखलं, मेडिकलनं नेलं, न्हायतर मी हातरुणात असतो. शिवलेली शेवटची वस्तू म्हणून त्यांनी माझ्या खुर्चीवर एक उशी शिवून दिली. तिची शिवण दोन ठिकाणी वाकडी आहे. त्या म्हणाल्या, तुमी दिसभर हुभं असता, जरा बसत जावा. त्या उशीवर मी रोज बसतो. नाही बसलो तर दुकानात आलेली लता विचारते, का नाही, आणि दुकानात खुर्ची तेवढी एकच आहे.

मग त्या शबानाकडं उचगावला राहायला गेल्या. समोरच्या खोलीत मोबाईल दुरुस्तीवाला आला. मला वाटलं, सुटलो.

गेल्या पावसाळ्यानंतर एक तरुण बाई दुकानात आली. संगीता नाव. उचगावची, शिवणकाम शिकते, भाभींच्याकडंच. तीन महिने झाले, सकाळी मूठ वळत नाही. "भाभींनी धाडलंय. म्हणल्या, मेडिकलकडनं पिवळी-पांढरी घे, मला तिसऱ्या दिवशी गुण आलता." तिनं हात काउंटरवर ठेवले. तीच पेरं. तशीच सूज.

मी गोळी दिली नाही. डॉक्टरीणबाईंचा पत्ता लिहून दिला, फोन करून नंबर लावला. ती नाराज झाली. भाभी म्हणाल्या तसं काही नाही तुमचं, असं म्हणाली आणि कागद हातात चुरगाळत बाहेर पडली. पलीकडच्या चौकात आणखी दोन मेडिकलं आहेत. ती त्या बाजूला वळली की बसस्टॉपकडं, मला दिसलं नाही. भाभी सांगायच्या तो माझा हातगुण माझ्या खोटेपणावर उभा होता, आणि आता तोच उचगावच्या पोरींना पुडीच्या वाटेवर पाठवत होता.

त्या रविवारी मी चिठ्ठी खिशात घालून उचगावला गेलो.

भाभी ओसरीवर बसल्या होत्या. पुढं पाच-सहा पोरी, कापड, दोन मशीनं. भाभींचे हात मांडीत आणि तोंड चालू. एकीला म्हणत होत्या, कात्री हाय, कोयता न्हवं. संगीता कोपऱ्यात होती. मला बघून भाभी मोठ्यानं म्हणाल्या, "आलं बगा, माझं मेडिकल."

चहा झाला. मी संगीताचं सांगितलं. तिला त्या गोळ्या नकोत, वेळेत तज्ज्ञांकडं गेली तर तिची बोटं सरळ राहतील, तुम्ही तिला सांगा. भाभींनी ऐकून घेतलं. मग सरळ विचारलं, रागानं नाही, हिशेब लागत नसल्यासारखं.

"मग मला का दिलतासा?"

चिठ्ठी खिशात होती. पोरींचं मशीन थांबलं होतं. मी म्हणालो, "तेव्हा कळलं नव्हतं, भाभी."

"बरूबर हाय. तुमी काय डॉक्टर हाय व्हय." आणि कोपऱ्यात वळून, "संगे, उद्या जायाचं. मी येतो तुज्यासंगं. मेडिकलनं माझं वाचिवलं, आता तुजं वाचतंय."

संगीता गेली. वेळेत गेली. तिची बोटं आज सरळ आहेत, ती ब्लाऊज शिवते. ते श्रेयही भाभींनी माझ्याच नावावर घातलं.

मी निघायला उठलो तेव्हा त्या म्हणाल्या, थांबा, एक गंमत बगा. डब्यातून त्यांनी बुकरमची, त्या कॉलरला लावतात त्या कडक कापडाची, एक पट्टी काढली. लताकडून त्यांनी मागं एक जुना ब्लाऊज मागून नेला होता, पंधरा वर्षांपूर्वीचा, अजून अंगाला बसणारा. तो उसवून, त्याच्या पाठीवरून ही पट्टी कापली होती. "ही माझी जुनी वीत. आता पोरी हिनंच माप घेत्यात." आणि त्यांनी आपला पंजा त्या पट्टीवर ठेवला, जमेल तेवढा ताणून. अंगठा एका टोकाला लावला. करंगळी दुसऱ्या टोकाला पोचली नाही. मधे दोन बोटं पट्टी उरली. भाभी हसल्या. "एवढं कमी पडतंय बगा."

मी बघितलं. चौदा महिने किती असतात ते मी आधी कधी असं मापून बघितलं नव्हतं.

फाटकाशी वळून पाहिलं तर त्या ओसरीच्या कडेला येऊन हात हलवत होत्या. सगळी बोटं एकाच बाजूला झुकलेली, जसं कुणी वाट विचारली आणि त्या दाखवतायत. त्यानंतर मी उचगावला गेलेलो नाही. ईदचा डबा येतो.

चिठ्ठी चार ओळींची आहे. मला ती जैतूनभाभींच्या समोर बसून, पोरींच्या देखत, चौथ्या ओळीसकट, जशी आहे तशी मोठ्यानं वाचून दाखवायची आहे. तेवढं माझ्याकडून देणं राहिलं आहे.